गाव, पंच आणि एकटा माणूस
(विंचूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला, हे या तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. विंचूरचे नाव पुण्यात नेले ते सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्याने. पुण्याच्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक बरीच वर्षे राहत होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले, ते याच वाड्यात. निफाडचे रानडे आणि विंचूरकर वाड्यातले टिळक. त्या काळातला महाराष्ट्र या दोघांच्या मतभेदांनी ढवळून निघाला. तरीही एका प्रकरणात दोघांवर एकच आरोप आला आणि तो आरोप होता चहाचा.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ही सगळी गंमत जुळवून आणली होती. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून टाकली. चाळीसहून अधिक नावे होती. त्यात हायकोर्टाच्या पायरीवर उभे असलेले रानडे होते, टिळक होते, गोखले होते. ख्रिस्त्याच्या घरी चहा घेतला, म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांच्या वतीने चौकशी बसली, पुण्याच्या ब्राह्मणवर्गात ग्रामण्य माजले.

ग्रामण्यात कोणी कोणाला मारत नाही. कोणाच्या घरावर दगडही पडत नाही. घडते ते एवढेच, की श्राद्धाला भटजी येत नाहीत. मुंज ठरली की आचारी मिळत नाही. पंगतीचे आमंत्रण जाते, पण पाने रिकामी राहतात. लेकीला सासरहून माहेरी धाडत नाहीत. टिळकांसारख्या माणसालाही घरच्या कार्यासाठी पुरोहित मिळणे कठीण झाले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी काही काळ दाद दिली नाही. मग १८९२ मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतले.

त्यांच्या सुधारक मित्रांना हे फार लागले. ज्याने आयुष्यभर विवेकाची बाजू मांडली, त्याने चहाच्या पेल्यासाठी मान तुकवावी, हा त्यांचा सवाल होता. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या प्रसंगाची जी हकिगत आहे, तीवरून दिसते ते असे: रानड्यांवर स्वतःसाठी वेळ आलीच नव्हती. अडचण होती मित्राच्या घरची. त्याच्या घरातले कलह, म्हातारी माणसे, अडलेली कार्ये. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तर त्या मित्राला घेणे सोपे जाणार होते. आपल्या ताठपणाची किंमत दुसऱ्याच्या घराने मोजावी, हे त्यांना पटेना.

या निर्णयाला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. प्रस्तुत वक्त्याला मात्र यात आपल्या समाजव्यवस्थेचे सगळ्यात नेमके चित्र दिसते. राजसत्ता माणसाला एकट्याला पकडते. तुरुंगात जातो तो एकटाच. जात आणि गाव मात्र माणसाला कधीच एकटे पकडत नाहीत. ते त्याच्या आईला पकडतात, भावाला पकडतात, लग्नाच्या वयाच्या बहिणीला पकडतात. म्हणून शूर माणूसही इथे हरतो. त्याचे शौर्य त्याच्या स्वतःपुरते असते आणि शिक्षा साऱ्या घराला होते.

पुढच्याच वर्षी याचा दाखला कोकणात मिळाला. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. कर्वे मूळचे मुरूडचे. त्या गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता. त्याच मुरूडने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि घरच्यांनी त्यांना जवळ केले तर घरच्यांचीही तीच गत होईल, असा धाक घातला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. पुण्यात त्यांचे पोट भरत होते, बहिष्काराने त्यांच्या पगाराला धक्का लागणार नव्हता. गावाला हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने नेम धरला तो मुरूडच्या घरावर, म्हाताऱ्या आईवर आणि भावावर.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. व्यवस्था नको, असे म्हणणारा माणूस गावात राहिलेलाच नसतो. बैल मेला तर शेजारी औत देतो, रात्री-अपरात्री पोटुशी बाई अडली तर आळी जागी होते, मर्तिकाला खांदा द्यायला बोलावणे धाडावे लागत नाही. ही सगळी व्यवस्थाच आहे, कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात न लिहिलेली. टिळकांचा आग्रहही या अंगाने समजून घ्यावा लागतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा टिळकांनी त्याला विरोध केला. समाजाने आपल्या चालीरीती स्वतः बदलाव्यात, परक्या सरकारने दंडुका घेऊन घरात शिरू नये, हे त्यांचे म्हणणे होते. परक्या राज्यात या म्हणण्याला वजन होते. पण त्यात एक प्रश्न सुटून जातो. समाज स्वतःहून बदलेल तेव्हा बदलेल. तोवर त्या दहा वर्षांच्या मुलीने काय करायचे? समाजाला वेळ हवा असतो. मुलीचे वय मात्र थांबत नाही.

मुंबईच्या रखमाबाईंनी याचे उत्तर स्वतःच दिले होते. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ मध्ये फिर्याद केली. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितले, तुरुंगात जाईन. जात आणि इंग्रजी कोर्ट, दोन्ही एकाच बाजूला उभी राहिली असताना बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी हे बोलली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटकडे त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. त्या टिकल्या, याला कारण त्यांची हिंमत तर होतीच. पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आणि आई त्यांच्या पाठीशी उभे होते, हेही तितकेच मोठे कारण होते. घराने साथ दिली की पंचांचे निम्मे बळ ओसरते.

इथवरची माणसे पांढरपेशी होती. बहिष्काराने त्यांचे कार्य अडे, मन दुखे, नातलग दुरावत; त्यांची चूल विझत नसे. गावकुसाबाहेर मात्र बहिष्काराचा अर्थ उपासमार असा होता.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे पाणी प्यायली. तळे नगरपालिकेने कागदोपत्री आधीच खुले केले होते, म्हणजे सत्याग्रही कायद्याच्या बाजूने होते. तरी मार खाल्ला त्यांनीच, आणि माणसे घरी परतल्यावर गावोगाव दुसरे पर्व सुरू झाले. मजुरी बंद, दुकानदाराकडून मीठ-मिरची बंद, कसायला दिलेली जमीन काढून घेतली. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जातींच्या परिस्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने नोंदवून ठेवले की अस्पृश्यांनी हक्क बजावताच गाव त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र चालवते. आणि निमित्तही केवढेसे, तर चांगले कपडे घातले, दागिना घातला, नवरदेव घोड्यावरून मिरवला.

त्यानंतरची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेसाठी आंबेडकर आणि रेट्टमलई श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाचा एक मसुदा दिला. त्यात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवा, अशी मागणी केली. केवळ मागणी करून ते थांबले नाहीत. गुन्ह्याची व्याख्याही लिहून दिली. जमीन किंवा घर कसायला-राहायला न देणे, मजुरीवर न ठेवणे, देणेघेणे तोडणे, नेहमीचे सामाजिक आणि धंद्याचे संबंध तोडणे, असे एकेक कलम. त्यासाठी त्यांनी नमुना घेतला तो १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. ब्रिटिश सरकारने तो कायदा केला होता राजकीय बहिष्कार मोडायला. बाबासाहेबांनी तेच हत्यार उचलले आणि त्याची धार गावाच्या जुलमाकडे वळवली. वकिली बुद्धी आणि भोगलेले आयुष्य एकत्र आले की काय घडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्याचे मुख्य सूत्रधार. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे नाशिकला येत, मंदिराच्या दारांवर बसत आणि पकडली जात. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली. वर्षामागून वर्षे गेली, दार उघडले नाही. नाशिकमधून परतणाऱ्या सत्याग्रह्याला गावात कोणते दिवस काढावे लागत असतील, ते स्टार्ट समितीच्या अहवालावरून कळते.

आणि मग येवला. विंचूरहून वैजापूरच्या दिशेने निघाले की याच रस्त्यावर लागते ते येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो, हे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. सुमारे दहा हजार माणसे हजर होती. या घोषणेकडे धर्मांतराचा इशारा म्हणून पाहिले जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे आणि आजच्या विषयाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. काळाराम मंदिरापुढे पाच वर्षे जी मागणी होती, ती होती आत घेण्याची. येवल्याला मागणी बदलली: बाहेर पडण्याचा हक्क. जी व्यवस्था आत घेत नाही आणि बाहेरही पडू देत नाही, तिला बाबासाहेबांनी उत्तर दिले ते असे. निवडीचा हक्क समूहाचा नसून माणसाचा आहे, हे या जिल्ह्याच्या मातीत, भर सभेत बोलले गेले. प्रत्यक्ष धर्मांतराला २१ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी तो निर्णय आपला केला.

मधल्या काळात घटना लिहिली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधानसभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी गावाबद्दल जी कठोर भाषा वापरली, ती आजही गावकऱ्याला टोचते. पण त्या भाषणातली मुख्य गोष्ट पुढे होती: या मसुद्याने गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला घटक मानले, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. विंचूरसारख्या गावात उभे राहून हे वाक्य पुन्हा वाचले पाहिजे. मतदानाच्या दिवशी पाटलाचे मत एक आणि सालगड्याचे मत एक, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. लग्न कोणाशी करायचे, देव कोणता मानायचा, विधवेने कुंकू लावायचे की नाही, याही बाबतीत घटक हा एकटा माणूसच आहे, हे मात्र पंचाहत्तर वर्षांनंतरही पुरते रुजलेले नाही.

कायद्यालाही हे सोपे गेले नाही. १९४९ मध्ये मुंबई राज्याने समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द ठरवला. बहुमताचे म्हणणे असे, की धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा त्या पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे आणि घटनेच्या २६ व्या कलमाने पंथाला ते स्वातंत्र्य दिले आहे. एकटे मत सरन्यायाधीश सिन्हा यांचे. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, त्याचे माणूसपण हिरावले जाते, हे त्यांनी पाहिले. या निकालाचा फेरविचार व्हावा, अशी मागणी अनेक वर्षे न्यायालयापुढे होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. कलम २५ माणसाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देते, कलम २६ पंथाला कारभाराचे. दोन्ही स्वातंत्र्येच आहेत. दोघांची टक्कर होते तेव्हा आधी कोणाचे रक्षण करायचे, हा खरा पेच आहे. पंथाकडे संस्था असते, पैसा असतो, माणसे असतात. बहिष्कृताकडे फक्त त्याचे म्हणणे असते. अशा वेळी न्यायालयाने दुबळ्या बाजूकडे झुकावे, असे प्रस्तुत वक्त्याला स्पष्टपणे वाटते.

नाशिकला २०१३ साली हा पेच रक्ताने लिहिला गेला. जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच जीव घेतला. जातपंचायतीचा जाच त्या घराच्या मानगुटीवर होता, हे पुढे आले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यानंतर ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ हाती घेतले, नाशिकचे कृष्णा चांदगुडे त्यात पुढे होते, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात या कामाला लागले होते. २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. अभियान थांबले नाही. तक्रारी येत राहिल्या तशी चित्राची व्याप्ती कळत गेली. काही भटक्या जमातींमध्ये पंच उघड न्यायनिवाडा करत होते, हजारो-लाखोंचा दंड वसूल करत होते, जातीत परत घ्यायचे तर साऱ्या समाजाला जेवण घालायला लावत होते. पण हे केवळ भटक्यांचे दुखणे नव्हते. रायगडकडे गावकी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकत होती. कारण कधी निवडणूक, कधी देवळाची वर्गणी, कधी जमिनीचा वाद. शिकलेल्या, नोकरदार, सुस्थितीतल्या जातींतही हे चालत होते, तिथे त्याला समाजाची शिस्त असे गोंडस नाव होते.

एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. गोलमेज परिषदेसाठी लिहून दिलेल्या व्याख्येला कायद्याचे रूप यायला ८६ वर्षे लागली.

हा कायदा वाचायला हवा, कारण त्याची कलमे गावातल्या रोजच्या जगण्यातून उचललेली आहेत. समाजाच्या कार्यक्रमाला, लग्नाला, अंत्यविधीला कोणाला अडवले, तर गुन्हा. देऊळ, सभागृह, स्मशान, शाळा, दवाखाना वापरू दिला नाही, तर गुन्हा. सामाजिक किंवा व्यापारी संबंध तोडायला लावले, तर गुन्हा. विशिष्ट कपडे घाल, विशिष्ट भाषा बोल, अशी सक्ती केली, तरी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; आणि दंडाची रक्कम पीडिताला देता येते. बहिष्काराचा निर्णय घ्यायला बैठक भरणार असेल, तर ती आधीच रोखण्याचा अधिकारही प्रशासनाला आहे. पंचांच्या बैठकीत हात वर करून होकार देणारासुद्धा यातून सुटत नाही.

अडचण येते ती पुराव्याची. वाळीत टाकल्याची चिठ्ठी कोणी लिहून देत नाही. पिठाच्या गिरणीत डबा ठेवला की गिरणीवाला म्हणतो, आज लाइट नाही. शेजारच्या बाईचा डबा मात्र तासाभरात दळून जातो. किराणा दुकानदार उधारी नाकारतो. उधारी नाकारणे हा काही गुन्हा नाही. लग्नाची पत्रिका येत नाही. ती न पाठवणे हाही गुन्हा नाही. सुट्या सुट्या पाहिल्या तर या सगळ्या गोष्टी माणसाच्या स्वतःच्या मर्जीत बसतात. एकाच आठवड्यात, एकाच घराबाबत, साऱ्या गावाची मर्जी सारखी फिरते, तेव्हा त्यामागे ठराव असतो. तो ठराव कोर्टात सिद्ध व्हायचा, तर कोणीतरी गावातलाच माणूस उभा राहून सांगायला हवा की होय, आम्हाला तसे सांगितले होते. म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे भवितव्य शेवटी दुसऱ्या एका व्यक्तीच्या धैर्यावर येऊन ठेपते. आणि त्या साक्षीदारालाही आई असते, भाऊ असतो, लग्नाची बहीण असते.

इथे कोणी विचारील, मग समाजाने एकजूट करायचीच नाही का? या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. १० नोव्हेंबर १९८० रोजी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. त्या लढ्याचे बळ एकजुटीत होते. प्रत्येकाने आपापला माल गुपचूप विकला असता, तर लढा दुसऱ्या दिवशी संपला असता. पण ज्याचा लाल कांदा खळ्यावर पडला आहे, त्याची अडचण शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने काढतो. लाल कांदा थांबत नाही, त्याला पाणी सुटते, कोंब येतो. सोसायटीचे कर्ज, पोरांची फी, सगळे त्याच ट्रॉलीवर अवलंबून असते. लिलाव बंद पडतात, कोणत्याही कारणाने पडोत, तेव्हा लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजाराच्या दारात उभ्या माणसाला एकजूट आणि स्वतःचे घर यांत ओढाताण सोसावी लागते.

मग फरक कुठे करायचा? एकजुटीचे आवाहन करणे, न येणाऱ्याला समजावणे, त्याच्यावर रागावणे, वेळप्रसंगी बोलणे सोडणे, हे सारे मोकळ्या समाजात चालायचेच. सरकारपुढे, व्यापाऱ्यापुढे एकटा दुबळा असतो, म्हणून तो चौघांत जातो. पण तीच एकजूट उलटी फिरून आपल्यातल्याच एकावर तुटून पडते, त्याच्या पोराला शाळेच्या रस्त्यावर अडवते, त्याच्या घरातले मढे तासन् तास अंगणात ठेवायला लावते, तेव्हा ती आंदोलन उरत नाही. लढ्याची शिस्त मुदतीची असते, तिचा रोख आपल्यापेक्षा बलवानाकडे असतो, आणि ज्याला पटले नाही तो उद्या पुन्हा पारावर येऊन बसू शकतो. वाळीत टाकण्याला मुदत नसते आणि त्याचा रोख नेहमी एकट्याकडे असतो.

शरद जोशींनी ही गोष्ट ओळखली होती, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेजारच्या चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले, लाखांनी बाया आल्या. जो शेतकरी बाहेर स्वातंत्र्य मागतो, त्याच्या घरात बाईला काय मिळते, हा प्रश्न त्या मांडवात विचारला गेला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली आणि गावोगाव पुरुषांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. सात-बारावर नाव चढले की बाईचा आवाज घरात वेगळा लागतो; ज्या घरांनी ते केले, त्यांना हे सांगावे लागत नाही.

गाव बदलू शकते, आणि स्वतःच्या ठरावाने बदलू शकते, याचे ताजे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा मार्ग सुचवला. पंच, ठराव, गाव, सगळे जुनेच. फक्त यावेळी गावाची ताकद एकटीच्या विरुद्ध न जाता तिच्या मागे उभी राहिली. टिळकांना अभिप्रेत होती ती समाजाने स्वतः केलेली सुधारणा हीच. रानड्यांना हवे होते ते विधवेचे माणूसपणही हेच. सव्वाशे वर्षांपूर्वी दोघांना एकत्र आणता आले नाही ते एका ग्रामपंचायतीने करून दाखवले. असे ठराव कागदावरच राहतात, अशी टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. बांगड्या फोडायला पुढे येणारी बाई बहुधा घरातलीच, स्वतः विधवा झालेली असते. तिच्या हाताला ठराव नव्हे, दुसरी बाईच धरून ठेवू शकते.

विंचूरच्या ग्रामसभेपुढे असा ठराव यायला काहीच हरकत नाही. त्यात आणखी चार ओळी घालता येतील: स्मशानभूमी, समाजमंदिर, पाणवठा आणि मंगल कार्यालय कोणत्याही कुटुंबाला कोणत्याही कारणाने नाकारले जाणार नाही, आणि तसे घडल्यास ग्रामपंचायत स्वतः तक्रार देईल. तक्रार पंचायतीने दिली, तर एकट्या साक्षीदाराच्या घरावरचा भार हलका होतो. २०१६ च्या कायद्यात एक तरतूद आहे तीही या ग्रामसभेत वाचून दाखवावी. पीडित राजी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटवता येते, मात्र दोषी पंचांनी समाजसेवा करावी, अशी अट घालता येते. जातपंचायत मूठमाती अभियानाचे कार्यकर्तेही आधी पंचांशी बोलतात, कायदा समजावून सांगतात, पंचायत आपणहून बरखास्त करायला सांगतात. तक्रारीची पायरी त्यानंतरची. ज्या पंचांनी काल एका कुटुंबाचे पाणी तोडले, त्यांना उद्या त्याच गावात, त्याच कुटुंबाच्या शेजारी राहायचे असते. त्यांनी गावाच्या टाकीची साफसफाई केली, शाळेचे कुंपण उभारले आणि मग त्या घरच्या पोरीच्या लग्नाला पंगतीत जेवले, तर कोर्टातली तारीख एक कमी होईल.